आज्ञाधारक सेवक

मनुष्याने आजवर जे जे सेवक पदरी बाळगले, त्यांत संगणकाइतका आज्ञाधारक सेवक दुसरा झाला नाही. तो थकत नाही, कुरकुर करीत नाही आणि एकच काम हजार वेळा सांगितले, तरी कंटाळत नाही. परंतु शहाण्या सेवकाच्या ठायी असणारा एक गुण त्याच्यापाशी नाही. धन्याची आज्ञा घातक दिसली, तर शहाणा सेवक क्षणभर थांबतो आणि 'हे खरेच करावयाचे ना?' असे विचारतो. संगणक असे विचारीलच, ह्याचा भरवसा नसतो. त्याच्याशी अक्षरांच्या भाषेत बोलण्याची जी पद्धत आहे, तिच्यात तर ही गोष्ट पदोपदी प्रत्ययास येते.

ह्या पद्धतीस कमांड लाइन म्हणतात. पडद्यावर एक कोरी ओळ असते. तीवर आज्ञा टंकलिखित करावयाची, एंटरची कळ दाबावयाची, की काम झाले. माउसने चित्रे सरकविण्याची आजची सोय नव्हती, त्या काळात हिचा उगम आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मरे हिल येथे बेल प्रयोगशाळा आहे. तेथे १९६९ साली केन टॉम्प्सन व डेनिस रिची ह्या दोघा शास्त्रज्ञांनी युनिक्स नावाची संगणकप्रणाली रचण्यास आरंभ केला. त्यांच्यासमोर टेलिप्रिंटरसारखे यंत्र असे. ते सेकंदाला फार तर १० अक्षरे कागदावर छापी. अशा यंत्रावर लांबलचक शब्द लिहिणे कोणास परवडणार? म्हणून आज्ञा दोन-दोन अक्षरांच्या झाल्या. ३ नोव्हेंबर १९७१ ह्या तारखेच्या युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत एलएस, सीपी, एमव्ही व आरएम ह्या आज्ञा आढळतात, आणि त्या आजही तशाच वापरल्या जातात. पुढे १९९१ साली लिनस टॉर्व्हाल्ड्स ह्या फिनलंडमधील विद्यार्थ्याने त्याच वळणावर लिनक्स निर्माण केले. जगातील अतिवेगवान ५०० महासंगणकांची जी यादी प्रसिद्ध होते, तिच्यातील प्रत्येक संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवरच चालत आला आहे.

आज्ञा समजून घेण्यापूर्वी संगणकाच्या पोटातील व्यवस्था समजून घेतली पाहिजे. तेथील लेख, चित्रे, गाणी ही सर्व फाइलींच्या रूपाने असतात, आणि फाइली डिरेक्टरींत ठेवलेल्या असतात. चित्रमय पडद्यावर डिरेक्टरीलाच फोल्डर म्हणतात. एका डिरेक्टरीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी, असा हा विस्तार असतो. ऊर्ध्वमूल अश्वत्थाप्रमाणे ह्याचे मूळ वर व शाखा खाली. जिल्हा, तालुका, गाव, आळी असे क्रमाने सांगितले, म्हणजे जसे एखादे घर अचूक सापडते, तसेच मुळापासून वाट सांगितली, म्हणजे फाइल सापडते. '/घर/मीरा/मराठी/निबंध' हा असाच एक पत्ता समजावा. त्यातील पहिली तिरकी रेघ म्हणजे मूळ, आणि पुढील प्रत्येक रेघ म्हणजे एक पायरी खाली.

आता आज्ञांकडे वळू. त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत लिहावयाच्या असतात. 'पीडब्ल्यूडी' असे लिहिले, की संगणक वापरणारा सध्या कोणत्या डिरेक्टरीत उभा आहे, ते कळते. सार्वजनिक बांधकाम खात्याशी ह्या अक्षरांचा काही संबंध नाही! 'एलएस' ही आज्ञा समोरील फाइलींची यादी देते. 'सीडी' एका डिरेक्टरीतून दुसरीत नेते, आणि तिच्यापुढे जागा सोडून दोन टिंबे दिली, तर एक पायरी वर चढविते. 'एमकेडीआयआर' नवी डिरेक्टरी निर्माण करते. 'सीपी' फाइलीची नक्कल करते.

'एमव्ही' ह्या आज्ञेत एक मौज आहे. फाइल दुसरीकडे हलवावयाची असो, की तिचे नाव बदलावयाचे असो, दोन्ही कामांना आज्ञा हीच. ह्याचे कारण असे, की डिरेक्टरीत वस्तुतः फाइलीतील मजकूर नसतोच. ती केवळ एक वही असते. त्या वहीत फाइलीचे नाव व त्यापुढे एक क्रमांक, एवढीच नोंद असते. मजकूर कोठे ठेवला आहे, ते त्या क्रमांकावरून कळते. नाव बदलणे म्हणजे वहीतील नोंद बदलणे, आणि फाइल हलविणे म्हणजे ती नोंद एका वहीतून खोडून दुसरीत करणे. म्हणूनच एकाच डिस्कवर भली मोठी फाइल हलविण्यास क्षणही लागत नाही. तिची नक्कल करावयास मात्र वेळ लागतो, कारण तेथे सारा मजकूर खरोखरच उतरून काढावा लागतो.

राहिली 'आरएम'. ही फाइल नष्ट करते. वहीतील नोंद खोडली जाते, आणि त्या मजकुराची ती शेवटची नोंद असेल, तर त्याने व्यापलेली जागा दुसऱ्या मजकुरासाठी मोकळी होते. चित्रमय पडद्यावर टाकलेली फाइल काही काळ कचरापेटीत पडून असते आणि तेथून परत काढता येते. 'आरएम'ला अशी कचरापेटी नाही. ह्यातच तारकाचिन्हाची भर पडते. तारा म्हणजे 'कोणतेही नाव'. '*.जेपीजी' म्हणजे शेवटी 'जेपीजी' असलेल्या सर्व फाइली. अशा शंभर फाइली एका ओळीत नाहीशा करता येतात, हे केवढे सामर्थ्य! परंतु ताऱ्यानंतर चुकून एक मोकळी जागा पडली, तर संगणक ती दोन निरनिराळी नावे समजतो. पहिले नाव नुसता तारा, अर्थात त्या डिरेक्टरीतील यच्चयावत फाइली! बोट एकदा चुकीच्या कळेवर पडते आणि वर्षाचे काम जाते.

हे केवळ काल्पनिक भय नव्हे. १९९८ साली अमेरिकेतील पिक्सार ह्या चित्रपटसंस्थेत 'टॉय स्टोरी २' ह्या चित्रपटाची निर्मिती चालू होती. एके दिवशी काही कलावंतांच्या डोळ्यांदेखत चित्रपटातील पात्रे नाहीशी होऊ लागली. वुडी ह्या नायकाची टोपी गेली, मग बूट गेले, अखेरीस वुडीच गेला. चित्रपटाच्या फाइली जेथे होत्या, तेथे वरच्याच पायरीवर कोणी तरी नष्ट करण्याची आज्ञा दिली होती, आणि आज्ञाधारक सेवक ती निमूटपणे पाळीत होता. घाईघाईने यंत्रे बंद करण्यात आली. परंतु संस्थेचे एक संस्थापक एड कॅटमल ह्यांनी पुढे लिहिल्याप्रमाणे, तोवर सुमारे ९० टक्के चित्रपट पुसला गेला होता. राखून ठेवलेली प्रत काढून पाहिली, तर तीही कामाची नव्हती. प्रत राखणारी यंत्रणा बिघडली होती, आणि ती तपासून पाहण्याचे कोणास सुचले नव्हते.

मंडळी हताश झाली असता गॅलिन सुसमन ह्या तंत्रज्ञ बाईंना एक गोष्ट आठवली. मूल लहान असल्यामुळे त्या घरून काम करीत, आणि त्यासाठी त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची नक्कल होती. तो संगणक ब्लँकेटांत गुंडाळून, तान्ह्या बाळासारखा जपत, मोटारीतून संस्थेत आणला गेला. चित्रपट वाचला, आणि १९९९ साली तो प्रदर्शितही झाला. ती आज्ञा देणाऱ्याचा शोध घेण्यात संस्थेने वेळ दवडला नाही, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. दोषी धुंडाळण्यापेक्षा दोष दूर करणे अधिक हिताचे असते.

ह्या कथेवरून कोणी कमांड लाइनचे भय घेऊ नये. धारदार विळीने बोट कापते, म्हणून कोणी विळी टाकून देत नाही, तर ती वापरण्याची रीत शिकून घेतो. येथेही रीत सोपी आहे. नष्ट करण्यापूर्वी आपण कोठे उभे आहोत, ते पाहावे. जी नावे 'आरएम'ला द्यावयाची, तीच आधी 'एलएस'ला देऊन यादी वाचावी. 'आरएम'पुढे '-आय' हे चिन्ह जोडले, तर संगणक प्रत्येक फाइलीविषयी विचारून मगच ती नष्ट करतो, म्हणजे शहाण्या सेवकाचा गुण त्याच्या अंगी आणता येतो. महत्त्वाच्या कामाची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी, आणि ती उघडते की नाही, ते अधूनमधून पाहावे.

सेवक जितका आज्ञाधारक, तितका धनी विचारी असावा लागतो. संगणक आज्ञा पाळतो. ती योग्य की अयोग्य, हे ठरविण्याचे काम मनुष्याकडेच राहते.

स्वाध्याय

१. युनिक्सच्या आज्ञा दोन-दोन अक्षरांच्या का झाल्या?
२. फाइल हलविणे व तिचे नाव बदलणे ह्या दोन्ही कामांना एकच आज्ञा का पुरते?
३. 'राखून ठेवलेली प्रत न तपासणे म्हणजे प्रत न ठेवणेच होय.' पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. वाक्यात उपयोग करा : प्रत्ययास येणे, पदरी बाळगणे, हताश होणे.
५. आपल्या शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तकांची व्यवस्था डिरेक्टरींच्या वृक्षाच्या रूपाने काढून दाखवा.