आजीच्या ताटातली एक भाकरी

प्रश्न : माझी आजी 1940 सालची, गिरगावातल्या चाळीत वाढलेली. महायुद्ध संपलं तरी घरात भात मोजून वाढत, असं ती सांगते. रेशनच्या तांदळातले खडे आणि लाल मिलोच्या भाकऱ्या तिला अजून आठवतात. पण मुंबईत तर लढाई झालीच नव्हती. मग आजीच्या ताटाशी युद्धाचा संबंध काय?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आजीचं सगळं खरं आहे, फक्त भाकरी सोडून. तिच्याकडे शेवटी येऊ.

लढाई मुंबईत झाली नाही, पण ब्रह्मदेशात झाली, आणि मुंबईतल्या भाताचा मोठा आधार तिथला तांदूळ होता. मार्च 1942 मध्ये जपान्यांनी रंगून घेतलं आणि ती आवक तुटली. मे 1943 पासून मुंबईत रेशनिंग आलं.

युद्ध संपलं म्हणून कोठारं भरली नाहीत. उलट 1946 च्या सुरुवातीला माणशी रोजचं धान्य एक रत्तलावरून पाऊण रत्तलावर, म्हणजे 12 औंसांवर आणलं गेलं. आजच्या मापात सुमारे 340 ग्रॅम. आपण दोन पोळ्यांत उठतो, त्यामुळे हे पुष्कळ वाटेल. पण चाळीत तेव्हा पोट भरायचं ते धान्यानंच, दूध-भाजी नावापुरती. शिवाय सगळा तांदूळ मिळेलच असं नाही. गहू, ज्वारी, जे दुकानात आलं असेल ते पिशवीत घ्यायचं. भातावर वाढलेल्या कोकणी घरांना हे फार जड गेलं. आणि खडे निवडायला ताट पुढ्यात येई ते घरातल्या पोरांच्या. म्हणून आजीला खडे आठवतात. तिच्या वडिलांना विचारलं असतं तर त्यांनी भाव सांगितले असते.

फाळणीत पश्चिम पंजाब आणि सिंधचा गहू पलीकडे गेला. गांधीजींचा धान्यावरच्या सरकारी नियंत्रणांना विरोध होता. 1947 च्या अखेरीस ती सैल केली, तर भाव भडकले आणि वर्षभरात पुन्हा बांधावी लागली. सगळ्यात कडक दिवस आले 1951 मध्ये, स्वतंत्र भारतात : माणशी अवघे 9 औंस. आजी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. तिचा मोजून वाढलेला भात बहुधा तोच. त्याला युद्धाचा भात म्हणायचं की स्वराज्याचा, हे तिलाच ठरवू द्या.

अन्नमंत्री रफी अहमद किडवई यांनी हिंमत करून नियंत्रणं उठवली. जुलै 1954 मध्ये तांदूळ मोकळा झाला. गंमत म्हणजे युद्ध जिंकलेल्या ब्रिटनमधलं रेशनिंगही त्याच महिन्यात संपलं.

आता भाकरी. त्याच जुलैत अमेरिकेत पी.एल. 480 हा कायदा झाला आणि पुढे त्याखाली तिकडचं जास्तीचं धान्य आपल्याकडे येऊ लागलं. मिलो म्हणजे तिकडची लाल ज्वारी. महाराष्ट्राच्या आठवणीत ती बसली साठीच्या दशकातल्या टंचाईत आणि 1972 च्या दुष्काळात. तोवर आजी तिशीच्या घरात होती. दोन्ही वेळा हातात रेशनकार्डच, त्यामुळे आठवणींची सरमिसळ होणारच.

खात्री करायची असेल तर आजीला एवढंच विचारा : ती मिलोची भाकरी आईच्या हातची होती, की तिनं स्वतः थापलेली? आणि उत्तर आम्हाला जरूर कळवा.