सोन्याची पारख

प्रस्तावना

'सुवर्णरेखा' हे नदीचे नाव केवळ कविकल्पनेतून आलेले नाही. झारखंडमध्ये रांचीजवळ उगम पावून पश्चिम बंगाल व ओडिशामार्गे बंगालच्या उपसागराला मिळणाऱ्या या नदीच्या वाळूत सोन्याचे कण खरोखरच सापडतात. पावसाळा सरून पाणी उतरले, की काठच्या गावांतील स्त्री-पुरुष वाळू धुवावयास बसतात. त्यांचे लाकडी पसरट पात्र मराठी घरांतील जुन्या काथवटीची आठवण करून देते. दिवसभराच्या श्रमानंतर हाती येतात ते तांदळाच्या दाण्याहूनही लहान असे थोडे कण. छत्तीसगड-ओडिशाकडे हा व्यवसाय करणाऱ्या समाजाला सोनझारा म्हणतात. रसेल व हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाति-जमातींविषयीच्या १९१६ सालच्या ग्रंथात या समाजाची नोंद असून, चांदा म्हणजे आजच्या चंद्रपूर भागाचाही तिच्यात उल्लेख आहे. सराफांच्या दुकानांतील केर व राख धुऊन त्यातून सोने काढणारा 'झारेकरी' तर मराठी भाषेला परिचितच आहे.

नदीकाठी असो वा सराफकट्ट्यावर, या कामातील खरी विद्या वाळू धुण्यात जितकी आहे तितकीच पारखण्यात आहे. पात्राच्या तळाशी पिवळे चमकणारे पुष्कळ काही उरते. त्यातले सोने कोणते, हे ओळखता आले नाही तर नवशिक्या निरुपयोगी चूर्ण जपून ठेवतो आणि खरा कण पाण्याबरोबर वाहून जाऊ देतो. प्रस्तुत पाठात ही पारख कशी करावी, याचा विचार केला आहे.

चमक आणि रंग

नवशिक्याला सर्वप्रथम फसवते ती चमक. नदीच्या वाळूत अभ्रकाची पापुद्र्यासारखी पाने असतात. काळे अभ्रक ऊनपाण्याने झिजले की सोनेरी दिसू लागते आणि उन्हात सोन्याहून अधिक झगमगते. दुसरे फसवे खनिज पायराइट. ते लोह व गंधक यांचे संयुग असून त्याचा पितळी पिवळा रंग आजवर अनेकांना भुलवून गेला आहे. तिसरे कॅल्कोपायराइट, म्हणजे तांबे असलेले त्याचे भावंड. आयुर्वेदात त्याला सुवर्णमाक्षिक म्हणतात. नावातच सुवर्ण असले तरी त्यात सोन्याचा अंश असतोच असे नाही.

यांना ओळखण्याची सर्वांत सोपी युक्ती म्हणजे पात्र सावलीत नेणे. अभ्रक आणि पायराइट यांची चमक पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची असते; कण फिरवला की ती क्षणात पेटते, क्षणात विझते. सोन्याचा रंग मात्र उन्हात, सावलीत, कोणत्याही बाजूने पाहिले तरी बहुतांशी तोच राहतो. तो झगमगत नाही. मंद, स्निग्ध असा पिवळेपणा दाखवतो. येथे एक सावधगिरी हवी. नदीतल्या सोन्यात बहुधा थोडी चांदी मिसळलेली असते आणि तिचे प्रमाण वाढले की रंग फिकट होतो. दागिन्यांचा पिवळाधमक रंग डोळ्यांत भरलेला नवशिक्या असा फिकट कण हमखास टाकून देतो. म्हणून रंगाचा कौल ऐकावा, पण त्यावर निवाडा देऊ नये.

वजनाची साक्ष

निवाडा देण्याचा खरा अधिकार वजनाला आहे. शुद्ध सोने पाण्याच्या १९.३ पट जड आहे, पायराइट सुमारे ५ पट, तर वाळूतील गारगोटी केवळ २.६५ पट. गुंजभर सोने, म्हणजे सुमारे ०.१२ ग्रॅम, यांचा घन केला तर त्याची बाजू दोन मिलिमीटरही भरणार नाही. तेवढ्याच आकाराचे पायराइट पाव गुंजेच्या आसपास भरेल.

हा फरक पाण्यात आणखी वाढतो. पाण्यात बुडालेली प्रत्येक वस्तू स्वतःच्या आकारमानाइतक्या पाण्याचे वजन गमावते. त्यामुळे कोरड्या स्थितीत गारगोटीच्या सुमारे ७ पट जड असणारे सोने पाण्याखाली तिच्या ११ पट जड ठरते. वाळू पाण्यात बुडवूनच का हलवतात, याचे उत्तर या हिशेबात आहे. पात्राला हलके हेलकावे दिले की वाळू वर येऊन वाहून जाते, तिच्यामागून लोहयुक्त काळी रेती सरकते आणि सर्वांत मागे, तळाला चिकटून, सोने रेंगाळते. थोडे पाणी घालून पात्र गोल फिरवावे. अभ्रक लगेच तरंगू लागते, पायराइट रेतीबरोबर पुढे पळते. जो कण जागचा हलत नाही तो निरखून पाहण्याजोगा.

तथापि या नियमालाही अपवाद आहे. सोन्याचा अतिशय पातळ, चपटा पापुद्रा पाण्याच्या पृष्ठताणामुळे चक्क तरंगू शकतो. पात्राला किंवा हाताला तेलकटपणा असल्यास तर अधिकच. साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाकला की तो बुडतो. केस विंचरून तेलाच्या हातांनी धुवावयास बसणे किती महाग पडू शकते, हे यावरून ध्यानी यावे.

सुई आणि फरशी

संशयित कण चिमट्याने उचलून कठीण पृष्ठभागावर ठेवावा व सुईच्या टोकाने दाबावा. सोने मऊ आहे. ते दबते, पसरते, पण तुटत नाही. एक ग्रॅम सोन्याचा ठोकून सुमारे एक चौरस मीटर वर्ख होऊ शकतो, तो याच गुणामुळे. पायराइट सोन्यापेक्षा पुष्कळ कठीण, पण ठिसूळ. त्याचा चुरा होतो. अभ्रकाचे पापुद्रे सुटतात. भिंगातून पाहिल्यास पायराइटच्या कणाला अनेकदा घनाकृती कडा आढळतात, तर प्रवाहात घासत आलेल्या सोन्याच्या कडा गोलसर झालेल्या असतात.

कण जरा मोठा असेल तर झिलई नसलेल्या पांढऱ्या फरशीवर, म्हणजे चिनीमातीच्या फरशीच्या मागील खरखरीत बाजूवर, त्याची रेघ ओढावी. सोन्याची रेघ पिवळीच उमटते. वरून पिवळे दिसणारे पायराइट आणि कॅल्कोपायराइट मात्र हिरवट काळी रेघ उमटवून आपले खरे रूप उघड करतात.

पाठगत प्रश्न : एक कण सावलीतही पिवळा राहिला, सुईने दबला, फुटला नाही आणि फरशीवर पिवळी रेघ उमटली. तो सोन्याचाच आहे असे म्हणता येईल काय?

नाही. तो पितळेचा असू शकतो. पितळेचा कीस नदीपात्रात वस्तीजवळ सापडतो आणि झारेकऱ्याच्या केरात तर असतोच. पितळ ही माणसाने केलेली मिश्रधातू असल्याने ती खनिजांसारखी फुटत नाही आणि वरच्या सगळ्या परीक्षांतून सुटते. पण पितळ पाण्याच्या साधारण साडेआठ पटच जड आहे. पात्रात ती सोन्याच्या पुढे सरकते. तरीही शंका उरलीच तर सोनाराची कसोटी आहे. काळ्या गुळगुळीत दगडावर कस लावून त्यावर नत्राम्लाचा थेंब सोडतात. पितळेची रेघ विरघळून नाहीशी होते, सोन्याची टिकते. हे आम्ल कातडी व डोळे जाळणारे आहे, म्हणून ही परीक्षा घरी न करता जाणत्या सोनाराकडूनच करून घ्यावी.

घाई आणि पारा

परीक्षकाच्या मनात आशा आधीच बसली असेल तर परीक्षाही बिघडते. १५७६ मध्ये मार्टिन फ्रोबिशर या इंग्रज दर्यावर्द्याच्या मोहिमेने आर्क्टिक प्रदेशातील बॅफिन बेटाकडून एक काळा दगड लंडनला आणला. काही परीक्षकांनी त्यात सोने नसल्याचे सांगितले. एकाने असल्याचे सांगितले. विश्वास ठेवला गेला तो त्या एकावर. १५७८ मध्ये १५ जहाजांचा ताफा निघाला आणि हजार टनांहून अधिक दगड समुद्रापार आणले गेले. त्यांत सोने नव्हतेच. पुढे त्यांतील काही दगड भिंतींच्या बांधकामात वापरले गेले.

काही ठिकाणी पारख आणि वेचणी एकदमच व्हावी म्हणून पारा वापरतात. पारा सोन्याला धरतो, पायराइटला धरत नाही. मग तो गोळा तापवून पारा उडवतात आणि सोने उरते. युक्ती अचूक आहे, किंमत मात्र भयंकर आहे. पाऱ्याच्या वाफेला रंग नाही, वास नाही. ती श्वासावाटे शरीरात जाऊन मज्जासंस्था व मूत्रपिंडे यांना इजा करते. चुलीपाशी गोळा तापवला तर आजूबाजूची मुलेही त्यातून सुटत नाहीत, आणि नदीत गेलेला पारा माशांतून पुन्हा ताटात येतो. पाऱ्याचा वापर आटोक्यात आणण्यासाठी झालेला मिनामाता आंतरराष्ट्रीय करार २०१७ मध्ये अंमलात आला. भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. पात्र, सुई आणि फरशी एवढ्यावर जे साधते त्यासाठी पाऱ्याची गरज नाही.

विक्रीपूर्वी एक काम उरते. कण वाळवून कागदावर पसरावेत आणि दुसऱ्या कागदात गुंडाळलेले लोहचुंबक त्यांवरून फिरवावे. काळ्या रेतीचा बराचसा भाग त्याला चिकटतो, सोने जागीच राहते. कागद उलगडला की रेती आपोआप गळून पडते. उरलेली मळी हलकी फुंकर घालून काढावी. असे न करता कण तसेच नेले, तर खरेदीदार रेतीपोटी किती वजन वजा करायचे हे स्वतःच्या अंदाजाने ठरवतो, आणि तो अंदाज विकणाऱ्याच्या बाजूने क्वचितच असतो.