कामाच्या जागी उभं राहणं

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

नव्या नोकरीत आठ महिने झाले, काम चोख होतं, तरी बैठकीत आपलं म्हणणं कुणी मनावर घेत नाही, हे परवा फोनवर सांगताना तुझा आवाज जड झाला होता. घाईत दिलेलं उत्तर मामाला तेव्हापासून अपुरं वाटतंय, म्हणून हे पत्र. ठाम बोल, नीटनेटकी राहा, हे तुला इतरांनी सांगितलंच आहे. त्याचा उपयोग होतोच. पण शब्दाला वजन येतं ते, माणूस कामाच्या जागी कधी आणि कसा उभा राहतो यावरून.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल 1854च्या नोव्हेंबरात 38 परिचारिका घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना ती नकोच होती. ती भांडली नाही आणि माघारीही फिरली नाही. डॉक्टर बोलावतील तेव्हाच रुग्णाला हात लावायचा, असं तिनं आपल्या परिचारिकांना बजावलं. थोड्याच दिवसांत इंकरमनच्या लढाईतले जखमी येऊन पडू लागले आणि डॉक्टरांना तिची मदत मागावीच लागली. रात्री दिवा घेऊन खाटांमधून फिरणारी बाई पुढे जगाला ठाऊक झाली, पण तिची सुरुवात या वाट पाहण्यात आहे.

याच गोष्टीतला पुढचा भाग कमी सांगितला जातो. तिच्या डोळ्यांदेखत हजारो सैनिक दगावले. 1855च्या मार्चमध्ये सरकारी स्वच्छता आयोगाची माणसं आली, त्यांनी तुंबलेली गटारं साफ करवली, खोल्यांत हवा खेळती केली आणि मृत्यू झपाट्यानं घटले. घाणीचा हात केवढा मोठा होता, हे तिला पुरतं उमगलं ते इंग्लंडला परतल्यावर, विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर आकडे तपासताना. रात्रंदिवस तिथं राबूनही जे दिसलं नव्हतं, ते कागदावर दिसलं. तेव्हा सोनू, जागेवर जाशील तेव्हा नोंदवही बरोबर असू दे.

त्यानंतर आजारपणामुळे ती वर्षानुवर्षं बहुतेक घरातच राहिली. तरी लष्करी रुग्णालयांबद्दल आणि हिंदुस्थानातल्या आरोग्याबद्दल तिचा शब्द मोजला जाई. इथं ती कधी आली नाही, पण पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता. दोन वर्षांहूनही कमी काळ युद्धभूमीजवळ काढला होता. ती पुंजी तिला जन्मभर पुरली. आठवड्यातले तीन दिवस घरून काम करणाऱ्या तुला म्हणूनच निराश व्हायचं कारण नाही. उरलेले दोन दिवस कसे घालवतेस, त्यावर बरंच अवलंबून आहे.

टोयोटाचे ताइची ओनो नव्या अभियंत्याला कारखान्यात नेत, जमिनीवर खडूनं वर्तुळ काढत आणि त्यात उभं राहून समोरचं काम पाहत राहायला सांगत. काही तासांनी येऊन विचारत, काय दिसलं? उत्तर वरवरचं असलं, तर पुन्हा त्याच वर्तुळात.

एमआयटीच्या थॉमस ॲलन यांनी 1970च्या दशकात संशोधन संस्थांमधल्या अभियंत्यांचा आपसातला संवाद मोजला. बसण्याच्या जागांमधलं अंतर वाढलं, की कामाबद्दलचं बोलणं भराभर कमी होई. 50 मीटरच्या पुढे ते नाममात्रच उरे. ऑफिसात जाऊनही दिवसभर कानांत हेडफोन घालून ऑनलाइन बैठकाच करायच्या असतील, तर त्या प्रवासाचं चीज होत नाही.

आणि कठीण दिवशी कुठं उभं राहायचं, तेही सांगायला हवं. 10 ऑगस्ट 1979 रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेलं एसएलव्ही-3 रॉकेट बंगालच्या उपसागरात कोसळलं. प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम होते, पण पत्रकारांसमोर इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः गेले आणि आपल्या माणसांवर विश्वास असल्याचं सांगितलं. 18 जुलै 1980 रोजी पुढचं उड्डाण यशस्वी झालं, तेव्हा पत्रकारांशी बोलायला त्यांनी कलामांना पुढं केलं. कलामांनी ही आठवण पुढे अनेकदा सांगितली.

तू अजून कुणाची प्रमुख नाहीस. पण तुझ्या हाताखाली शिकणारी दोन मुलं आहेत. त्यांच्या हातून चूक झाली, तर वरिष्ठांसमोर त्यांच्या शेजारी उभी राहा. त्यांचं काम चांगलं झालं, तर ते त्यांनाच मांडू दे. बैठकीला पाच मिनिटं आधी जा आणि बोलताना जे स्वतः पाहिलंस त्यापासून सुरुवात कर. साहेबांच्या नजरेत राहावं म्हणून उशिरापर्यंत बसू नकोस. त्या वेळात घरी जा, आईला फोन कर.

येत्या गुरुवारी ऑफिसला जाशील, तेव्हा ग्राहकांच्या तक्रारींचे फोन घेणाऱ्या मुलींशेजारी दोन तास बस. काय ऐकलंस, ते रविवारी मामाला सविस्तर सांग. मामी तुझी आठवण काढते.

तुझा,
मामा