पाठ ७ : तिसऱ्या, कॉफी आणि आपले ‘चालते’

मुलांनो, आणि मुलांना वर्गाला घेऊन येणाऱ्या आजी-आजोबांनो,

आपल्या मराठीत ‘हॉटेल’ म्हणजे मुक्कामाची खोली नव्हे, खाण्याची जागा. मुंबईत कोणी म्हणाले, “काल हॉटेलात जेवलो,” तर तो माणूस रात्री घरीच झोपलेला असतो. आमच्या लहानपणी हॉटेल म्हणजे कोपऱ्यावरचा इराणी. संगमरवरी टेबल, बन-मस्का आणि चहा. तेही क्वचित, वडिलांच्या हातात पगार आल्यावर.

इथे अमेरिकेत मात्र रविवारी गाडी काढून एखाद्या लहानशा गावी जायचे, थोडे फिरायचे, तिथल्या कॅफेत दुपारचे जेवायचे आणि कॉफी घेऊन परतायचे, हा पुष्कळ घरांचा रिवाज झाला आहे. आजचा पाठ त्याच टेबलावरचा आहे.

प्रसंग

गेल्या उन्हाळ्यात माझी थोरली बहीण ठाण्याहून आली होती. तिला, मला आणि माझ्या पंधरा वर्षांच्या नातीला घेऊन मुलगा न्यू जर्सीतल्या लॅम्बर्टव्हिलला गेला. डेलावेअर नदीकाठचे हे टुमदार गाव. पुलावरून चालत पलीकडे गेले की पेनसिल्व्हेनियातले न्यू होप लागते. पाच मिनिटांत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पोचल्याची ताईला मोठी गंमत वाटली.

परत येऊन आम्ही एका कॅफेत बसलो. मुलगा गाडीच्या मीटरचे पैसे भरायला गेला आणि मी हात धुवायला गेले. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर पांढरे, दाटसर सूप आलेले ताईने पाहिले. “बटाट्याचं दिसतंय. मला तेच मागव,” ती म्हणाली.

नात म्हणाली, “मोठी आजी, त्यात क्लॅम आहे.”

“कलम? आंब्याचं?”

“नाही, क्लॅम. समुद्रातलं.”

ताईला वाटले, समुद्रातला म्हणजे एखादा मासा असेल. तिने मान डोलावली. नातीला वाटले, मोठी माणसे हो म्हणताहेत, आपण कशाला अडवायचे? मी परतले तेव्हा चमचा ताईच्या हातात होता.

“ताई, थांब! तिसऱ्या आहेत त्यात.”

ताईने चमचा खाली ठेवला. वेट्रेस भली होती, एक शब्द न बोलता वाटी घेऊन गेली. पण नातीचे तोंड उतरले. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, “आजी, आपण ते खात नाही हे मला माहीत होतं. मला फक्त शब्द येत नव्हता.”

मुलांनो, नियम ताईला ठाऊक होता आणि नातीलाही ठाऊक होता. दोघींच्या मध्ये एक शब्द नव्हता, आणि तेवढ्यावरून ऐंशी वर्षे पाळलेली गोष्ट मोडणार होती.

एक जुनी गोष्ट

आपल्या बेने इस्राएल लोकांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट घरच्यांना विचारा. दावीद राहाबी कोकणात आले. तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ‘शनिवार तेली’ यहुदीच आहेत का, हे त्यांना पाहायचे होते. त्यांनी बायकांपुढे सगळ्या प्रकारचे मासे एकत्र ठेवले आणि रांधायला सांगितले. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे वेगळे काढले आणि म्हणाल्या, “बाकीचे आम्ही खात नाही.” त्यावरून राहाबींनी आपल्याला ओळखले.

तोरातल्या वायिक्रा ग्रंथाच्या ११व्या अध्यायात हाच नियम आहे : पाण्यातल्या ज्या जिवाला पर आणि खवले दोन्ही आहेत, तोच खावा. त्या बायकांपाशी पोथी नव्हती. प्रत्येक माशाची ओळख मात्र होती, आणि ती त्यांनी मुलींना मराठीतच दिली.

शब्द

चालतात : पापलेट, सुरमई, रावस, बांगडा. इथल्या माशांपैकी सॅमन, ट्राउट, कॉड, ट्यूना. रावसाला काही जण सॅमन म्हणतात, पण ते दोन वेगळे मासे आहेत.

चालत नाहीत :
क्लॅम म्हणजे तिसऱ्या.
ऑयस्टर म्हणजे कालवे.
श्रिम्प म्हणजे कोलंबी.
क्रॅब म्हणजे खेकडा किंवा चिंबोरी.
लॉब्स्टर म्हणजे शेवंड.
कॅलमारी म्हणजे माकूल.
ईल म्हणजे वाम.
शार्क म्हणजे मुशी.
कॅटफिश म्हणजे शिंगाळा.

‘चाउडर’ हा शब्द मेनूवर दिसला की विचाराच. पांढऱ्या चाउडरमध्ये दूध आणि बटाटा तर असतोच, पण पुष्कळदा खारवलेले डुकराचे मांसही असते. उकडलेल्या घेवड्यातही ते असू शकते.

व्याकरण : चालते, आवडते, सोसते

‘मी चालतो’ म्हणजे मी पायांनी चालतो. ‘मला चालते’ म्हणजे मला त्याला हरकत नाही. ही तीन वाक्ये पाहा :

मला कॉफी आवडते. (मनाचे)
मला रात्री कॉफी सोसत नाही. (पोटाचे)
आम्हांला तिसऱ्या चालत नाहीत. (नियमाचे)

तिन्ही ठिकाणी ‘मी’ किंवा ‘आम्ही’ येत नाही, ‘मला’ आणि ‘आम्हांला’ येते. क्रियापद खाण्याच्या वस्तूप्रमाणे बदलते : सूप चालते, कॉफी चालते, मासे चालतात. हॉटेलात वडीलधाऱ्यांना “आवडेल का?” असे विचारून थांबू नका. “चालेल का?” हेही विचारा. त्या दिवशी नातीने एवढे विचारले असते तरी ताईने विचारले असते, “का गं, काय आहे त्यात?”

काही घरे फक्त कोशेर ठिकाणीच खातात, काही घरे बाहेर शाकाहारी आणि मासे घेतात. तुमच्या घरचा नियम ठरवणे हे या पाठाचे काम नाही. तो तुम्हांला मराठीत सांगता यावा, एवढेच.

कॉफी

आपल्याकडे मटणाच्या रश्श्यात नारळाचे दूध घालतात, आणि मटण जेवल्यावर दुधाचा चहा कोणी मागत नाही. म्हणून कॅफेत शेवटी दुधाची कॉफी हवी असेल, तर ते जेवण मागवतानाच ठरवावे लागते. ताईने सूप परत केल्यावर भाजलेला सॅमन घेतला. “मग दुधाची कॉफी चालेल,” ती म्हणाली. हे वाक्य नातीने लगेच वहीत लिहावे तसे मनात लिहून घेतले.

घरी आमची कॉफी दुधात उकळलेली, साखर आणि जायफळ घातलेली, पाहुणा आला की करायची. इथली पातळ, आणि कप रिकामा झाला की वेट्रेस पुन्हा भरते. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा ताईने पंगतीत ताटावर धरतात तसा कपावर हात धरला आणि म्हणाली, “पुरे गं बाई, किती आग्रह करशील!” वेट्रेसला शब्द कळले नाहीत, पण हात कळला.

नंतर आम्ही कालव्याकाठी बाकावर बसलो. नात फोनवर एकेक चित्र काढून दाखवत होती आणि ताई नाव सांगत होती. वर दिलेले शब्द त्याच बाकावरचे आहेत.

सराव

१. पुढच्या वेळी कुटुंबाबरोबर जेवायला जाल तेव्हा मेनूतले तीन पदार्थ आजीला किंवा आजोबांना मराठीत समजावून सांगा. शब्द अडला तर चित्र दाखवा आणि नाव त्यांच्याकडून घ्या.
२. ‘चालते’, ‘आवडते’ आणि ‘सोसते’ वापरून आपल्या घरातल्या माणसांविषयी प्रत्येकी दोन वाक्ये लिहा.
३. आजी-आजोबांसाठी : वरच्या यादीत नसलेले एक माशाचे नाव आठवा, त्याला खवले असतात की नाही ते सांगा, आणि ते नातवंडाच्या वहीत त्याच्याच हाताने लिहवून घ्या. पुढच्या वर्गात ती नावे फळ्यावर लिहू.