मृत्यूंची बदलती कारणे आणि जालना जिल्हा

पटकी, देवी, हिवताप या रोगांनी एके काळी गावेच्या गावे ओस पडत. सांप्रत मृत्यूंच्या कारणांचे चित्र पालटले आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व अन्य संस्थांच्या २०१७ च्या अहवालानुसार, देशातील एकूण मृत्यूंमध्ये असंसर्गजन्य रोगांचा वाटा १९९० साली सुमारे ३८ टक्के होता. २०१६ साली तो सुमारे ६२ टक्क्यांवर गेला. हृदयविकार, पक्षाघात, कर्करोग, श्वसनसंस्थेचे जुनाट विकार आणि मधुमेह हे यांतील प्रमुख रोग होत.

टक्केवारीचा अर्थ

शंभर मृत्यूंत एका कारणाचा वाटा घटला की उरलेल्यांचा वाढतो. संसर्गजन्य रोग, बाळंतपण व कुपोषण यांमुळे होणाऱ्या मृत्यूंचा वाटा याच काळात सुमारे ५४ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर आला. तेव्हा या वाढीत लसीकरणाच्या यशाचाही भाग आहे. तथापि हे केवळ वार्धक्याचे रोग नव्हेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, २०२१ साली जगात १ कोटी ८० लाख व्यक्ती सत्तरी गाठण्यापूर्वीच या रोगांना बळी पडल्या.

नोंदवहीचे महत्त्व

१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या जालना जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १९,५९,०४६ होती. त्यांपैकी सुमारे चार-पंचमांश लोक ग्रामीण भागात राहणारे होते. १९६९ च्या कायद्यान्वये मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावयाची असते. परंतु २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झालेले होते. ‘म्हातारपण’ किंवा ‘हृदय बंद पडले’ एवढ्याने रोग कळत नाही. आणि रोग न कळल्यास उपाययोजनेची दिशा ठरत नाही.

मराठवाड्यातील अनुभव

वेळीच तपासणी झाल्यास मृत्यू टळतात, हे मराठवाड्यातच सिद्ध झाले आहे. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून १ लाख ३१ हजारांहून अधिक ग्रामीण स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी अभ्यास करण्यात आला. ज्या गटास विषाणूची चाचणी एकदाच देऊ करून दोष आढळलेल्यांवर उपचार केले गेले, त्या गटात या रोगाने होणारे मृत्यू, केवळ नेहमीची सेवा मिळालेल्या गटाच्या मानाने, आठ वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. हे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले.

गावाचे कर्तव्य

राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत तीस वर्षांवरील व्यक्तींची रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाच्या कर्करोगासाठी, तसेच स्त्रियांची स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी केली जाते. अंबड असो वा जाफ्राबाद, तपासणीवाचून कोण राहिले, याचा आढावा ग्रामसभेत आशा कार्यकर्तीच्या साहाय्याने घेता येईल. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्री होऊ नये, यावर शिक्षकांनी लक्ष ठेवावे. रक्तदाबाची गोळी बरे वाटले म्हणून बंद करू नये, हे घरोघरी सांगितले जावे. मृत्यूच्या नोंदवहीत अकाली पडणारी नावे कमी करण्याचे सामर्थ्य अशा साध्या कामांत आहे.