पशुरोगांचे संकट आणि शासकीय यंत्रणांचा समन्वय

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर हे महाराष्ट्र व गुजरात यांच्या सीमेवरील गाव. तेथील रेल्वे स्थानकाचा काही भाग एका राज्यात, तर काही भाग दुसऱ्या राज्यात आहे. २००६ च्या प्रारंभी या परिसरातील कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या. हा नेहमीचा मानमोडी रोग असावा, असाच प्रथम समज झाला. भोपाळ येथील उच्च सुरक्षा प्रयोगशाळेतील तपासणीनंतर १८ फेब्रुवारी २००६ रोजी हा 'बर्ड फ्लू' असल्याचे जाहीर करण्यात आले. भारतातील या रोगाचा तो पहिला उद्रेक होय. त्यानंतर बाधित क्षेत्रातील लक्षावधी पक्षी नष्ट करावे लागले. शेजारच्या गुजरातमधील उच्छल भागातही रोग आढळला. विषाणूला राज्याची सीमा ठाऊक नसते, हा नवापूरचा पहिला धडा.

एका खात्याचे काम नव्हे

अशा प्रसंगी रोगनिदान व बाधित पक्ष्यांची विल्हेवाट हे पशुसंवर्धन विभागाचे काम असते. परंतु पक्षी हाताळणाऱ्यांची व आसपासच्या रहिवाशांची तपासणी आरोग्य विभागाने करावयाची असते. वाहतूक रोखणे पोलिसांकडे, तर वाहने, मजूर व जागा उपलब्ध करून देणे महसूल यंत्रणेकडे येते. पुरण्याच्या खड्ड्यांमुळे विहिरींचे पाणी दूषित होऊ नये, याकडे पाणीपुरवठा यंत्रणेला लक्ष द्यावे लागते. यांपैकी एक दुवा निखळला तरी बाकीच्यांचे श्रम वाया जातात.

विलंबाची किंमत

इंग्लंडमधील २००१ सालचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे २० फेब्रुवारी रोजी लाळ्या-खुरकूत रोगाचे निदान निश्चित झाले आणि २३ फेब्रुवारीस जनावरांच्या वाहतुकीवर बंदी आली. परंतु त्यापूर्वीच रोगट मेंढ्या बाजारांतून दूरवर पोहोचल्या होत्या. अखेरीस लष्कराची मदत घ्यावी लागली आणि साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. साधने व तज्ज्ञ यांची वाण नसलेल्या देशातही आरंभीचे काही दिवस हातचे गेले, की पुढची लढाई किती महाग पडते, हे यावरून दिसते.

कायदा व ग्रामपंचायत

प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ या केंद्रीय कायद्याने पशुपालकावर अनुसूचित रोगाचा संशय येताच माहिती देण्याचे व रोगट जनावर वेगळे ठेवण्याचे बंधन घातले आहे. ही माहिती स्वीकारून ती पशुवैद्यकापर्यंत पोहोचविण्याच्या साखळीत ग्रामपंचायतीला स्थान आहे.

तथापि केवळ कायद्याच्या धाकाने माहिती मिळत नाही. ज्याचा संसार दोन म्हशींवर किंवा शंभर कोंबड्यांवर चालतो, त्याला रोग कळविणे म्हणजे उपजीविका हातची जाणे वाटते. मग तो मेलेले जनावर ओढ्यात टाकतो किंवा आजारी जनावर मिळेल त्या भावाने विकतो. नुकसानभरपाई वेळेवर मिळेल हा विश्वास नसेल, तर सर्वोत्तम प्रयोगशाळाही निरुपयोगी ठरते. म्हणून पंचनामा व भरपाई हे नंतरचे सोपस्कार नसून रोगनियंत्रणाचेच अंग मानले पाहिजे.

हेतुपुरस्सर पसरविलेला रोग

पशुरोगांचा शस्त्र म्हणून वापर ही केवळ कल्पना नाही. पहिल्या महायुद्धात जर्मन हस्तकांनी शत्रुपक्षाच्या घोड्या-खेचरांत ग्लँडर्स व अँथ्रॅक्स (फाशी) यांचे जंतू पसरविण्याचे प्रयत्न केले होते. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये जैविक अस्त्रांवर बंदी आली. तरी सावधगिरी सुटलेली नाही. रोग नैसर्गिक असो वा कोणी मुद्दाम पसरविलेला असो, पहिल्या दिवशी गोठ्यात दिसणारी लक्षणे सारखीच असतात. म्हणून पहिली उपाययोजनाही एकच: त्वरित सूचना, विलगीकरण व निदान. एकाच वेळी दूरदूरच्या ठिकाणी रोग उद्भवणे, किंवा त्या भागात पूर्वी कधीही न आढळलेला रोग दिसणे, अशा गोष्टी संशयास्पद वाटल्यास मात्र पोलिसांना तत्काळ कळवावे. नमुने कोणी घेतले, कोणाकडे दिले याची लेखी नोंद ठेवावी. अफवेवरून कोणावरही आरोप करू नये.

पूर्वतयारी

२०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे ३ कोटी ३० लाख पशुधन आहे. त्याच्या रक्षणाची तयारी गावपातळीवर फार खर्चाची नाही. जनावरांच्या संख्येची अद्ययावत यादी, पुरण्यासाठी आधीच निश्चित केलेली जागा, सरपंच, पोलीस पाटील, पशुवैद्यक व आरोग्य केंद्र यांचे दूरध्वनी क्रमांक आणि आठवडी बाजार कोणाच्या आदेशाने बंद होईल याची माहिती, एवढे तरी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या दप्तरी असावे. तालुका पातळीवर सर्व खात्यांनी वर्षातून एकदा एकत्र बसून सराव करावा. सीमेवरील तालुक्यांनी शेजारच्या राज्यातील अधिकाऱ्यांनाही त्यात सामील करून घ्यावे.

शिक्षकांचा वाटाही मोलाचा आहे. २०२२ मध्ये राज्यात लम्पी चर्मरोग पसरला तेव्हा दुधाविषयी अनेकांच्या मनात भीती होती. हा रोग माणसाला होत नाही व दूध उकळून पिण्यास हरकत नाही, हे सांगण्यास गावात शिक्षकाइतका विश्वासाचा माणूस क्वचितच सापडेल.

संकटाच्या दिवशी खात्यांची ओळख करून घ्यावी लागू नये. ती आधीच झालेली असावी. समन्वयाचा खरा अर्थ हाच होय.