फिच, फुल्टन आणि दोन नद्या

"स्टीमबोटचा शोध कोणी लावला?" असं क्विझमध्ये विचारलं की उत्तर ठरलेलं, रॉबर्ट फुल्टन! पण मित्रांनो, फुल्टनची बोट न्यूयॉर्कहून सुटली १८०७ साली. त्याच्या वीस वर्षं आधी, २२ ऑगस्ट १७८७ रोजी, फिलाडेल्फियाला डेलावेअर नदीत वाफेवरची बोट चालली होती. अमेरिकेची राज्यघटना तयार करायला तेव्हा त्याच शहरात जमलेल्या प्रतिनिधींपैकी काहींनी ती पाहिलीसुद्धा. ती बनवणाऱ्याचं नाव जॉन फिच.

फिच म्हणजे हरहुन्नरी माणूस. घड्याळाचं काम, पितळकाम, चांदीकाम, जमिनीची मोजणी, सगळं करून झालेलं. वॅटची इंजिनं इंग्लंडमध्ये होती, पण ती देशाबाहेर न्यायची परवानगी सहजासहजी मिळत नसे. मग फिचने हेन्री व्हॉइट या घड्याळजीला हाताशी धरलं आणि दोघांनी इंजिन स्वतःच तयार केलं. पहिल्या बोटीला दोन्ही बाजूंना सहा-सहा वल्ही होती आणि इंजिन ती वल्ही मारायचं! पुढे १७९० ची बोट चाचणीत ताशी ८ मैल, म्हणजे सुमारे १३ किमी वेगाने गेली. त्या उन्हाळ्यात तिने नियमित फेऱ्या करून उतारूही नेले.

मग घोडं कुठे पेंड खात होतं? खरोखर घोड्यापाशीच! त्या मार्गावर नदीच्या कडेने चांगला सपाट रस्ता होता आणि त्यावर घोडागाड्या धावत होत्या. बोटीची लोकांना नडच नव्हती. उतारू कमी, खर्च जास्त, त्यामुळे तोटा झाला. १७९१ मध्ये फिचला पेटंट मिळालं खरं, पण त्याच दिवशी त्याचा प्रतिस्पर्धी जेम्स रम्झी यालाही मिळालं. पैसे घालणारे हळूहळू पांगले. १७९८ मध्ये केंटकीत फिच वारला.

आता फुल्टनकडे बघू. हा मूळचा चित्रकार. १८०३ मध्ये त्याने पॅरिसला सीन नदीत बोटीची चाचणी घेतली. इंजिन स्वतः बनवण्याच्या भानगडीत तो पडला नाही. परवानगी मिळवून त्याने बोल्टन अँड वॅट कंपनीचं तयार इंजिन इंग्लंडहून मागवलं. भागीदार मिळाला रॉबर्ट लिव्हिंग्स्टन, वजनदार राजकारणी. न्यूयॉर्क राज्यात वाफेच्या बोटी चालवण्याचा मक्ता त्याच्याकडे होता. अट एकच, बोटीने ताशी ४ मैल वेग गाठला पाहिजे.

ऑगस्ट १८०७ मध्ये फुल्टनची बोट हडसन नदीतून न्यूयॉर्कहून ऑल्बनीला गेली. १५० मैल, ३२ तास. हिशोब करा, सरासरी ताशी पाच मैलसुद्धा नाही. म्हणजे फिचच्या बोटीपेक्षा हळूच! पण हडसनवर शिडाच्या जहाजांना याच प्रवासाला कित्येक दिवस लागायचे, आणि वारा पडला की सगळंच ठप्प. तिथे ३२ तास म्हणजे चमत्कार होता. उतारू मिळाले आणि धंदा उभा राहिला. पुढे १८२४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 'गिबन्स विरुद्ध ऑग्डेन' खटल्यात हा मक्ता मोडीत काढला आणि इतरांच्या बोटींनाही रस्ता मोकळा झाला.

यावरून फुल्टनला चोर आणि फिचला वेडा ठरवायचं कारण नाही. फिचने यंत्र चालतं हे सिद्ध केलं. फुल्टनने ते कुठे चालवायचं हे ओळखलं. दोन्ही कामं इंजिनिअरचीच आहेत. आपण मात्र सगळे मार्क पहिल्या कामाला देतो. मॉडेल फिरलं, दिवा लागला, वायव्हा झाली की प्रोजेक्ट कपाटावर धूळ खात पडतं.

म्हणून फायनल इयरवाल्यांना एक विनंती. सिनॉप्सिसमध्ये 'वर्किंग प्रिन्सिपल' लिहायच्या आधी एका ओळीत याचं उत्तर लिहा: आपली बोट कुठल्या नदीत चालणार आहे, आणि तिथे कडेला चांगला रस्ता तर नाही ना?